बदली (जिल्हा परिषद शिक्षक)

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाची एका शाळेतून दुसऱ्या शाळेत होणारी नेमणूक म्हणजे बदली होय. बदलीमुळे मूळ वेतन बदलत नाही. परंतु रोजचा प्रवास व राहण्याचा खर्च बदलतो आणि पर्यायाने हाती उरणारी रक्कमही बदलते.

स्वरूप

ग्रामविकास विभागाच्या २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानुसार जिल्हांतर्गत बदल्या संगणकीय प्रणालीद्वारे होऊ लागल्या. अवघड क्षेत्रातील शाळेत तीन वर्षे सेवा केलेल्या शिक्षकास बदलीचा अधिकार मिळतो. गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा तसेच ५३ वर्षांवरील शिक्षकांस प्राधान्य आहे. पती-पत्नींच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा अधिक अंतर असल्यास त्यांचाही विचार होतो. त्याहून कमी अंतर रोज कापता येण्याजोगे आहे, असे येथे गृहीत धरलेले दिसते.

वेतनावरील परिणाम

घरभाडे भत्ता राहत्या गावावरून नव्हे, तर कामाच्या ठिकाणावरून ठरतो. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे आरंभीचे दर शहराच्या वर्गाप्रमाणे मूळ वेतनाच्या २४, १६ व ८ टक्के होते. महागाई भत्त्याने ठरावीक टप्पा ओलांडल्यावर ते वाढतात. नांदेड शहर मधल्या वर्गात, तर खेडी शेवटच्या वर्गात मोडतात.

हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा (ता. कळमनुरी) हे गाव नांदेड–अर्धापूर–वारंगा मार्गावर आहे. मुलांच्या शिक्षणासाठी नांदेडात बिऱ्हाड ठेवून अशा गावी ये-जा करणाऱ्या शिक्षकास भाडे शहराचे पडते, भत्ता मात्र खेड्याचा मिळतो. मूळ वेतन ५०,००० रुपये धरल्यास आरंभीच्या दराने शहरातील कर्मचाऱ्यास ८,००० व या शिक्षकास ४,००० रुपये मिळत. वाहतूक भत्ता वेतनस्तरावर अवलंबून असल्याने पाच किलोमीटरवरून येणारा व चाळीस किलोमीटरवरून येणारा यांत भेद होत नाही. स्वतःच्या विनंतीवरून बदली झाल्यास सामान हलविण्याचा खर्चही शिक्षकानेच सोसायचा असतो.

मुख्यालयी वास्तव्य

शिक्षकाने शाळेच्या गावी, म्हणजे मुख्यालयी, राहावे अशी अपेक्षा आहे. २०१९ च्या शासन निर्णयाने त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आवश्यक केला. शिक्षक गावात राहिल्यास शाळा वेळेवर भरते व पालकांशी संबंध टिकतो, ही ग्रामस्थांची बाजू रास्त आहे. मात्र लहान गावांत भाड्याने घर मिळणे कठीण असते, ही शिक्षकांची अडचणही खोटी नव्हे. वास्तव्याचा दाखला न दिल्यास घरभाडे भत्ता थांबविण्याच्या कारवाईवरून ठिकठिकाणी वाद झाले आहेत.