तळहाताच्या घामाची शस्त्रक्रिया : हात गरम झाला की काय कळते, काय कळत नाही?

नार्वे (डिचोली) : नार्वे-दिवाडी फेरीबोटीत असो की दोडामार्गच्या बाजारात, घाम सगळ्यांनाच येतो. पण थंडीच्या दिवसांत, पंख्याखाली बसूनही तळहात ओले राहत असतील, उत्तरपत्रिका भिजत असेल, मशीन अंगठ्याचा ठसा घेत नसेल, तर दोष हवेचा नाही. या त्रासाला ‘हायपरहायड्रोसिस’ म्हणतात. तो बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो. अनेकदा घरात आणखी कोणाला तरी तो असतो. झोपेत मात्र घाम सहसा थांबतो.

शस्त्रक्रियेत काय करतात?

घामाच्या ग्रंथींना हुकूम देणारी ‘सिंपथेटिक’ मज्जातंतूंची साखळी छातीच्या आत, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बरगड्यांवरून खाली जाते. पूर्ण भूल देऊन काखेजवळ लहान छिद्रे पाडतात आणि त्यातून दुर्बीण आत घालतात. त्या बाजूचे फुफ्फुस थोडा वेळ आकसून ठेवतात. मग हातासाठी बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या बरगडीच्या पातळीवर ही साखळी कापतात, जाळतात किंवा तिला क्लिप लावतात. नंतर दुसरी बाजू.

तापमान कशासाठी बघतात?

हीच साखळी हाताच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळून धरते. ती तुटली की वाहिन्या सैल पडतात, रक्त जास्त येते आणि तळहात गरम होतो. म्हणून तळहातावर किंवा बोटाच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर चिकटवतात. काही मिनिटांत साधारण एक अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त वाढ दिसली, तर नेमकी जागा सापडली असे डॉक्टर धरतात. आकडा हलला नाही, तर पातळी चुकली का, एखादा जोडतंतू राहून गेला का, हे फुफ्फुस पुन्हा फुगवण्याआधीच तपासता येते. एरवी ते रुग्ण शुद्धीवर आल्यावरच कळले असते.

आकडा फसवतो तो कुठे?

भुलीच्या औषधांनीही रक्तवाहिन्या सैल होतात. हात आधीच गरम असेल, तर पुढची वाढ थोडीच दिसते. ऑपरेशन थिएटरचा एसी, सलाईनचा थंड द्रव, हातावरचे पांघरूण यांनीही आकडा बदलतो. त्यामुळे पहिली नोंद भूल दिल्यानंतर, तापमान स्थिरावल्यावर घेतात आणि दोन्ही हातांची तुलना करतात. वाढ हा चांगला इशारा आहे, पक्की हमी नव्हे.

जे सेन्सर सांगत नाही

हात कोरडे झाले, तरी पाठ, पोट, मांड्या इथे घाम वाढू शकतो. याला ‘भरपाईचा घाम’ म्हणतात. तो बऱ्याच जणांना येतो. काहींना तो इतका त्रास देतो की शस्त्रक्रिया केली याचाच पस्तावा होतो. उष्ण, दमट हवेत तो जास्त जाणवतो, म्हणजे गोवा-कोकणातल्या माणसाने याचा आधीच विचार केलेला बरा. कापलेली साखळी पूर्ववत होईल याचा भरवसा नाही, क्लिप काढूनही नाही. साखळीच्या वरच्या टोकाला इजा झाली, तर त्या बाजूची पापणी खाली येऊ शकते. हे सारे धोके कोणाला होतील, हे टेबलावरच्या आकड्यावरून कळत नाही.

आधी काय करावे?

पहिली पायरी त्वचारोगतज्ज्ञाची. थायरॉईड, मधुमेह किंवा एखाद्या औषधामुळे घाम येत नाही ना, हे आधी पाहतात. मग ॲल्युमिनियम क्लोराईडचे द्रावण, पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देणारे आयंटोफोरेसिस, गोळ्या, बोटॉक्सची इंजेक्शने असे उपाय आहेत. शस्त्रक्रिया शेवटची.

नार्वेहून बांबोळीला जा, नाहीतर खानापूरहून बेळगावला. सही करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : साखळी कोणत्या बरगडीवर तोडणार, हाताचे तापमान बघणार का, आणि तुमच्या रुग्णांपैकी किती जणांना भरपाईचा घाम आला? पहिल्या दोन प्रश्नांचा संबंध ऑपरेशनच्या तासाभराशी आहे, तिसऱ्याचा पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांशी.