जोड टिकला म्हणून

बँडसॉची किंमत विचारायला गेलात की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, 'किती इंची?' हे इंच पात्याचे नसतात, टेबलाचेही नसतात. आतल्या चाकांच्या व्यासाचे असतात. माझ्याकडे १४ इंची आहे आणि गेलं वर्षभर मी २४ इंचीचा हिशेब मांडतोय. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला पार्किंगच्या कोपऱ्यात एवढं धूड कशाला हवं, असं घरचे विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र दोनशे वर्षं मागून सुरू होतं.

त्याआधी लाकूड चिरायचं म्हणजे ओंडका उंचावर चढवायचा, एक माणूस वर, एक खाली, मधे लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत भुसा. करवत वर जाते तेव्हा काहीच कापलं जात नाही, म्हणजे निम्मी मेहनत फुकट. १८०९च्या सुमारास लंडनच्या विल्यम न्यूबेरीने यावर पेटंट घेतलं: दोन चाकं, त्यांवरून सतत एकाच दिशेने फिरणारं दातेरी पातं. कल्पना अचूक होती. आजच्या यंत्राचा गाभाही तोच आहे.

पण ते यंत्र कामाचं ठरलं नाही. पातं ही मुळात पोलादाची सरळ पट्टी. तिची दोन टोकं जोडून कडं करायचं. चाकावरून वाकता वाकता तो जोडच तुटायचा. जवळजवळ चार दशकं सगळं त्या एका सांध्यापाशी अडून राहिलं. १८४६ मध्ये आन पोलीन क्रेपँ या फ्रेंच बाईने टोकं जोडण्याची टिकाऊ रीत शोधली, पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे ती वापरण्याचा हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीला विकला. पेरँने त्याला चांगल्या पोलादाची आणि पोलादाला पाणी देण्याच्या सुधारलेल्या तंत्राची जोड दिली. तिथून बँडसॉ खऱ्या अर्थाने चालू झाला.

हा सांधा इतका का छळत होता, हे कॉलेजात शिकलेल्या एका सूत्रातून दिसतं. पातं चाकावर वाकलं की त्यात ताण येतो. पात्याची जाडी भागिले चाकाचा व्यास, गुणिले पोलादाची स्थितिस्थापकता. ०.६ मिमी जाडीचं पातं १४ इंची चाकावर वाकलं तर सुमारे ३४० मेगापास्कल. तेच २४ इंची चाकावर साधारण २००. शिवाय लहान यंत्रातलं पातं मिनिटाला सातशेहून अधिक वेळा वाकतं आणि सरळ होतं. तार वारंवार वाकवून तोडतो ना आपण, तसंच. मोठ्या चाकावर पातं कमी वाकतं आणि लांब असल्यामुळे कमी वेळा वाकतं. म्हणून तिथे जाड, रुंद पातं घट्ट ताणून लावता येतं, आणि उंच लाकडातही काप वाकडा जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या सॉ मिल्स मोठ्या बँडसॉकडे वळल्या त्या मात्र भुशासाठी. गोल करवत प्रत्येक कापात जवळपास ६ मिमी लाकडाचा भुसा करायची, बँडसॉ साधारण ३ मिमी. जंगलच्या जंगल चिरताना हा फरक पैशांत मोजला जातो.

माझ्यापुरता तो एका तुळईत मोजला जातो. गावचं घर उतरवलं तेव्हा सागाची एक तुळई मी मागून घेतली. २०० मिमी चौरस, वाकसाचे घाव अजून अंगावर. तिच्या २० मिमीच्या फळ्या पाडायच्या तर ६ मिमीच्या कापात ७ निघतात, ३ मिमीत ८ आणि घरगुती बँडसॉच्या १ मिमीत ९. जवळच्या वखारवाल्याने जुन्या खिळ्यांच्या धास्तीने हातच लावला नाही. तेही बरोबरच, एक खिळा पात्याचे दाते उडवतो. ते खिळे मी चुंबक फिरवून काढलेत. पण माझ्या यंत्राखाली ६ इंचांपेक्षा उंच लाकूड जात नाही, आणि तुळई ८ इंची आहे. तिला आधीच मधून चिरावं तर रुंद फळ्या गेल्या. नवा साग आणता येईल, ही तुळई दुसरी मिळणार नाही.

म्हणून २४ इंची घ्यायचं ठरलंय, एका बंद होणाऱ्या कारखान्यातलं, जुनं. घरच्यांना मी सूत्र दाखवलं नाही, ७ आणि ९ फळ्यांचा हिशेब दाखवला. तो लगेच पटला.

एक सवय मात्र या वाचनातून लागली. नवं पातं आलं की आधी त्यावरचा जोड शोधतो. घासून सपाट केलेला, किंचित निळसर पट्टा असतो. डब्यावर नाव कंपनीचं असतं. तो पट्टा क्रेपँबाईंचा.