हातमोज्यावरचे नाव

वस्तूंच्या आधारेही इतिहास वाचता येतो, हे आपण तत्त्वतः मान्य करतो. प्रत्यक्षात मात्र ‘साधन’ म्हटले की डोळ्यांपुढे कागदच येतो. अमेरिकेत बेसबॉलचे जुने हातमोजे जमवणाऱ्या संग्राहकांचा छंद या सवयीचा पुनर्विचार करायला लावतो.

क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक वगळता सारे क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी झेल घेतात. बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाच्या एका हातात चामडी मोजा असतो. आरंभी तेथेही हात उघडेच होते आणि सोललेले तळवे, वाकडी झालेली बोटे ही मर्दुमकीची खूण मानली जाई. अल्बर्ट स्पॉल्डिंग या खेळाडूने १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात १८७५ मधील एक आठवण नोंदवली आहे. चार्ल्स वेट या खेळाडूने हातमोजा घातला होता. पण तो कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून त्याने कातडीच्या रंगाचा निवडला होता. तो घालण्याची आपल्याला लाज वाटते, अशी कबुलीही त्याने दिली. पुढे १८७७ मध्ये स्पॉल्डिंगने स्वतः काळा मोजा घातला आणि संकोच ओसरू लागला. ही हकिकत वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये: ती छत्तीस वर्षांनी सांगितलेली आहे आणि सांगणारा खेळाच्या साहित्याचा मोठा व्यापारी होता. तरीही जुनी रीत लगेच संपली नाही. सिनसिनाटीचा बिड मॅकफी १८९६ पर्यंत उघड्या हातांनीच खेळत राहिला.

संग्राहकाला हा प्रवास चामड्यात दिसतो. सुरुवातीचे मोजे कामगारांच्या मोज्यांसारखे साधे. नंतर तळव्याच्या कडेने भरीव गादी आली. १९२०च्या सुमारास बिल डोक या पिचरच्या कल्पनेवरून सेंट लुईसच्या रॉलिंग्ज कंपनीने अंगठा व तर्जनी यांमध्ये चामडी पट्ट्यांची जाळी विणली. तोवर मोजा हाताचे रक्षण करीत होता. आता तो चेंडू पकडू लागला. १९५४ पूर्वी डाव बदलताना खेळाडू आपले मोजे मैदानावरच टाकून जात. त्या वर्षीच्या नियमाने ती प्रथा बंद झाली.

बाजारात किंमत ठरते ती ठशांवरून. खेळाडूच्या छापील स्वाक्षरीचा ठसा स्पष्ट आहे का, कापडी बिल्ला टिकला आहे का, वाद्या मूळच्या आहेत का, सोबत मूळ खोके आहे का, हे पाहिले जाते. विख्यात खेळाडूने प्रत्यक्ष वापरलेल्या मोज्याची गोष्ट वेगळी: लू गेरिगचा म्हणून विकला गेलेला मोजा १९९९ च्या लिलावात तीन लाख डॉलर्सहून अधिक किमतीला गेला. परंतु बहुसंख्य जुने मोजे दुकानात विकत घेतलेले, सामान्य मुलांचे आहेत. अशा मोज्याच्या पट्ट्यावर कधी कधी शाईने लिहिलेले एखाद्या मुलाचे नाव आढळते. त्या नावामुळे त्याची किंमत घटते.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने थबकावे. हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिकाने केलेली नोंद, मालकाचे नाव, समासातील खुणा यांना आपण अमोल मानतो. त्यांच्याशिवाय पोथीचा प्रवास कळत नाही. मोज्याच्या बाबतीत मात्र नामवंताची यंत्राने उमटवलेली सही मूल्य वाढवते आणि खऱ्या मालकाचे हस्ताक्षर ‘डाग’ ठरते. कोरा, न वापरलेला मोजा कारखान्याबद्दल पुष्कळ सांगतो. तेल मुरून काळवंडलेला, चेंडूच्या आघातांनी मध्यभागी खोलगट झालेला मोजा खेळणाऱ्याबद्दल सांगतो. संग्राहकाने दोन्ही जपावेत. मात्र विक्रीपूर्वी ते नाव खरवडून टाकले गेले, तर त्या मुलाने इतिहासात ठेवलेली कदाचित एकमेव लेखी खूण पुसली जाते.