लोड, तक्क्या आणि आखूड धाग्याचा कापूस

सोफ्यावर मांडण्यासाठी चार-पाच लहान कुशन घ्यायची झाली, तर आपण आधी रंग पाहतो, मग अभ्र्याचे कापड. आत काय भरले आहे, हा प्रश्न बहुधा मनात येतच नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खानदेशात हा क्रम नेमका उलटा होता. आधी कापूस पाहायचा, मग पिंजारी बोलवायचा, आणि खोळ शिवायची ती सर्वांत शेवटी. हा क्रम कसा उलटला, याची गोष्ट नशिराबादपासून सुरू करणे सोयीचे आहे.

जळगावच्या पूर्वेला जेमतेम दहा किलोमीटरवर असलेला हा जुना कसबा. १८८० च्या सुमारास सरकारी कागदपत्रांत आजच्या जळगाव तालुक्याचे नावच ‘नशिराबाद’ असे होते. गावाने पुष्कळ सोसले. १८०१ मध्ये जुबा नावाच्या पुंडाने ते लुटले, आणि १८०३ च्या भीषण दुष्काळाच्या तोंडावर पेशव्यांच्याच एका अंमलदाराने पुन्हा लुटले. तरीही काचेच्या बांगड्यांचा येथील धंदा टिकून राहिला. पुढे आगगाडी आली, पण रूळ गावाला दोन मैलांवर ठेवून भादलीवरून गेले. नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१ ते १८६५), तिकडचा कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर खानदेश-वऱ्हाडाकडे वळली. रेल्वेकाठचे जळगाव कापसाची मोठी पेठ झाले. तालुक्याच्या नावातले नशिराबाद त्याच्या सावलीत गेले.

विलायतेला आपला कापूस हवा होता, पण आवडत नव्हता. त्याचा धागा आखूड आणि खरखरीत. त्यापासून बारीक सूत निघत नसे. त्यातच गठ्ठ्यांत भेसळ होते अशी ओरड, म्हणून १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदाच केला. लांब धाग्याचे हिंगणघाटचे बियाणे खानदेशात रुजवण्याचेही प्रयत्न झाले. शेतकरी मात्र पुनःपुन्हा आखूड धाग्याच्या वाणांकडे वळत राहिला. त्या बोंडांतून रुई जास्त निघे, आणि शेवटी हिशेब वजनाचाच होता.

गिरणीच्या दृष्टीने जे वैगुण्य, तोच गादीच्या दृष्टीने गुण होता. लांब, मऊ तंतू दाबले की एकमेकांत गुंततात आणि त्यांची पोळी होते. आखूड, जाडसर तंतू ताठ राहतात. दाब निघाला की पुन्हा फुलतात. देशी कापसाला वैद्यकीय रुईसाठी आजही मागणी असते, ती याच घराण्यातील गुणांमुळे. मँचेस्टरच्या दलालाने नाक मुरडलेली रुई खानदेशच्या ओसरीवर लोडात भरली जाई आणि वर्षानुवर्षे माणसांची पाठ सांभाळी. या तपशिलाची दखल कापसाच्या इतिहासाने फारशी घेतलेली नाही, कारण तो इतिहास मुख्यतः निर्यातीच्या गठ्ठ्यांचा आहे.

उशीसाठी आणखी एक पर्याय सातपुड्यात होता: सावरीचा कापूस. उन्हाळ्यात बोंडे फुटली की तो वाऱ्यावर उडू लागतो. तंतू इतके गुळगुळीत, की त्यांचे सूत धड वळत नाही. पण डोक्याखाली तो हलका लागतो. लोडाला मात्र तो चालत नाही, भार आला की चुरा होतो.

टेकून बसण्याची ही हौस या प्रदेशात जुनी आहे. नशिराबादपासून पन्नास-साठ किलोमीटरवर अजिंठा. तेथे पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात रंगवलेल्या राजवाड्यांच्या दृश्यांत आसनांवर लोड आणि उशा दिसतात. संस्कृतात मसुरीच्या दाण्यासारख्या गोल उशीला ‘मसूरक’ असे नाव होते, आणि आपल्या ‘उशी’चे मूळ ‘उच्छीर्षक’ या शब्दात आहे. ‘तक्क्या’ आणि ‘गिर्दी’ फारसीतून आले. ‘तकिया’ म्हणजे आधार. फकिराच्या मुक्कामालाही तोच शब्द. ‘गिर्द’ म्हणजे गोल. ‘अभ्रा’ही तिकडचाच: अस्तर आतले, अभ्रा बाहेरचा. एका बैठकीवर किती दरबार नांदून गेले, ते या शब्दांवरून कळते.

मांडणीचेही शास्त्र होते. खाली जाजम, त्यावर गादी, भिंतीला लोड, कोपऱ्यांत तक्के. अभ्रे बहुधा पांढरे, कारण डोक्याचे तेल लागल्याचे लगेच दिसावे आणि ते धुवायला काढावेत. मात्र ही मांडणी निव्वळ शोभेची नव्हती. लोडाला कोण टेकणार, गादीच्या कडेवर कोण बसणार आणि पायरीखाली कोण उभा राहणार, हे ती न बोलता सांगे. ज्याने तो कापूस पिकवला, तो सावकाराच्या गादीसमोर बहुधा भुईवरच बसे. बैठकीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी हेही आठवावे.

आणि ज्याने तो पिंजला, तो दाराशी. पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन येई. आतड्याची तात ताणलेली ती मोठी कमान. लाकडी ठोकळ्याने तात छेडली की तिच्या कंपाने रुईचा तंतू न् तंतू सुटा होई, कचरा खाली पडे. हे काम करणारे बहुतेक मुसलमान. त्यांतले अनेक जण मन्सुरी म्हणवतात, ते ९२२ मध्ये बगदादेत मृत्युदंड दिल्या गेलेल्या सूफी मन्सूर अल-हल्लाजच्या नावावरून. ‘हल्लाज’ या अरबी शब्दाचा अर्थच पिंजारी असा आहे. ज्ञान्यांच्या या नामावळीत स्वतःला जोडून घेणारा माणूस आमच्या अंगणात दोन पायल्या ज्वारीवर काम करून जाई.

पुढे विजेवर चालणारी पिंजणयंत्रे आली, मग फोम, मग पॉलिस्टरचे तंतू. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर शेतांतूनही देशी वाण झपाट्याने मागे पडले. म्हणजे पिंजण गेली आणि तिला हवी ती रुईही गेली.

तुमच्या जुन्या घरात माळ्यावर एखादा जड, पिवळट लोड पडून असेल, तर फेकण्यापूर्वी त्याची एक शिवण उसवून पाहा. आत आखूड, खरखरीत रुई निघाली, तर ती दोन दिवस कडक उन्हात पसरा आणि पिंजून घ्या. एका लोडाच्या रुईत सोफ्यावरची तीन-चार कुशन सहज भरतात.