पुरातून तरलेली बांधणी

४ नोव्हेंबर १९६६च्या पहाटे आर्नो नदी फ्लॉरेन्स शहरात शिरली. इटलीचे तिथले राष्ट्रीय ग्रंथालय नदीच्या अगदी काठावर. तळघरात आणि तळमजल्यावर पाणी भरले, आणि पाण्यासोबत गटारांचा मैला अन् घरे तापवण्यासाठी साठवलेले तेलही आले. दहा लाखांहून अधिक पुस्तके आणि नियतकालिके भिजली.

गावोगावचे, देशोदेशीचे विद्यार्थी मदतीला धावले. साखळी करून, हातोहात देत त्यांनी ग्रंथ वर काढले. पानांत टीपकागद घातले, भुसा टाकला. कित्येक गाड्या भरून पुस्तके तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांकडे गेली. खरे काम पुढेच होते. प्रत्येक पुस्तक उसवायचे, पान न् पान धुवायचे, वाळवायचे आणि पुन्हा शिवायचे.

ब्रिटनहून पीटर वॉटर्स यांच्या नेतृत्वाखाली बाईंडरांची तुकडी आली. तीत ख्रिस्तोफर क्लार्कसन होते. चिखलातून निघालेल्या ग्रंथांत त्यांना एक गोष्ट लक्षणीय वाटली. सोळाव्या शतकातली, कातड्याच्या मऊ वेष्टनातली साधी पुस्तके इतरांच्या मानाने बरी टिकली होती. त्यांना जाड पुठ्ठे नव्हते की सोनेरी नक्षी नव्हती. चुन्यात भिजवून, ताणून वाळवलेल्या कातड्याची नुसती घडी, एवढेच वेष्टन. पानांचे जुडगे पट्ट्यांवर शिवलेले आणि पट्ट्यांची टोके वेष्टनाला पाडलेल्या चिरांतून ओवून घेतलेली. पाठीवर सरस जवळजवळ नाहीच. सगळी भिस्त शिवणीवर. कागद फुगला तरी पुस्तकाला सैलावायला जागा होती.

ही बांधणी रोजच्या धंद्यातून केव्हाच मागे पडली होती. क्लार्कसन यांनी जुने नमुने टाक्याटाक्याने अभ्यासले, तशी पुस्तके स्वतः बांधली आणि १९८२ मध्ये त्यावर छोटे पुस्तक काढले. यात शोभेच्या हौसेचा भाग नव्हता. पुस्तक सहज उघडावे, मिटावे आणि पुढच्या माणसाला ते इजा न होता पुन्हा उसवता यावे, ही ग्रंथालयाची गरज. यंत्रावर झटपट बांधलेल्या पुस्तकाकडून ती भागत नाही. कारागिराला कौतुकापेक्षा असे चोखंदळ गिऱ्हाईक हवे असते; ग्रंथालयांच्या रूपाने ते मिळाले.

तेच फाटकी पाने सांधायच्या जपानी कागदाचे. कोझो झुडपाची साल शिजवून, कुटून, तिचे लांब तंतू पाण्यात पसरून, चाळणी हेलकावत हा कागद उचलतात. तो अतिशय पातळ निघतो, तरी चिवट असतो. फाटलेल्या पानाला ठिगळ लावताना तो कात्रीने कापत नाहीत. पाण्याची रेघ ओढून हाताने विलग करतात, म्हणजे कडेला तंतूंची झालर सुटते. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ लावून ती झालर पानावर बसवली की कड बोटाला जाणवत नाही, आणि पुढे कधी काढायची झाली तर पाण्याने सुटते. जगभरच्या ग्रंथालयांच्या दुरुस्तीशाळांत या कागदाला मागणी आहे. सेकिशू, मिनो आणि होसोकावा या हातकागदांची कला युनेस्कोने २०१४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात एकत्र नोंदवली.

फ्लॉरेन्समधल्या हातांनी बांधणी-दुरुस्तीची विद्या पुढे नेली. वॉटर्स वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले, क्लार्कसनही काही काळ तिथे होते. त्यांचे सहकारी टोनी केन्स यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात दुरुस्तीची प्रयोगशाळा उभी केली. तिथून नवे बाईंडर तयार झाले, आणि सुई-दोऱ्याचे ते काम त्यांच्या हाती गेले.