फुगडीची जोडी

जोडीनं नाचायचं म्हटलं, की आपल्याला साहेबांचे क्लब आठवतात. पण आपल्याकडं फुगडी आहेच. पंचमीला, मंगळागौरीला ती बायकांची. नवऱ्याचा हात चारचौघांत धरायची रीत नव्हती. तो संकोच वारीनं मोडला. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी, सतराव्यात तुकोबांनी फुगडीवर रचना केल्या. अंगणातला खेळ भक्तीत आला. नाथांची पालखी आजही आमच्या बीड जिल्ह्यातून पंढरीला जाते. विसाव्याला टाळ वाजले, की उतारवयातली जोडपीही फुगडी धरतात. हातांची अढी घालायची, पायाला पाय भिडवून अंग मागं झोकायचं. पहिल्या गिरकीत तोल जातो, मग जमतं. एकानं हात सोडला, तर दोघंही पडतात. तिथं थोरला-धाकटा उरत नाही. वारीत नवराही माउली, बायकोही माउली.