रेग्युलर की मुक्त?

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्र्यंबकेश्वर सोडून पुढे निघाली की नाशिक शहराच्या अलीकडे गंगापूर धरणात थांबते. त्याच धरणाजवळ, गोवर्धन गावच्या शिवारात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. परिसराचे नाव ‘ज्ञानगंगोत्री’ आणि ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. आम्हा त्र्यंबककरांना यात थोडी गंमत वाटते, कारण खरी गंगोत्री आमच्या डोंगरावर! असो.

आपल्या समाजात मुलीचे स्थळ सांगताना शिक्षणाचा विषय निघतो, आणि मुलगी बीए झाली आहे म्हटले की कोणीतरी हमखास विचारते, “रेग्युलर की मुक्त?” उत्तर ‘मुक्त’ आले की विचारणाऱ्याचा चेहरा किंचित उतरतो. हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचा इतिहास मांडावासा वाटला.

आपल्या देशात कॉलेजात न जाता पदवी मिळवण्याची सोय दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रमातून केली. पण पत्रद्वारा म्हणजे टपालाने आलेल्या नोट्स. प्रवेशाची अट तीच, परीक्षा तीच, फक्त वर्ग नाही. इंग्लंडने १९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटी काढली तेव्हा वेगळाच विचार झाला. प्रवेशाला आधीच्या प्रमाणपत्राची अट काढून टाकली. शिकवणे पुस्तकात, रेडिओत, टीव्हीत आणले. १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले, त्यांत नोकरदार होते, गृहिणी होत्या.

नेदरलँड्सची गोष्ट मला जास्त आवडते. त्या देशाच्या दक्षिण टोकाला हेर्लेन नावाचे खाणकामगारांचे शहर आहे. तिथली शेवटची कोळसा खाण १९७४ च्या अखेरीस बंद झाली. त्या देशाने १९८४ मध्ये आपले मुक्त विद्यापीठ सुरू केले ते याच शहरात. लायडन, उत्रेख्त अशी जुनी, नामांकित विद्यापीठांची शहरे असताना! अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही तिथे दार उघडे होते. काम गेलेल्या गावाला विद्यापीठ द्यावे, हे सुचायला मन मोठे लागते.

आपल्याकडे हैदराबादला १९८२ मध्ये आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ झाले, १९८५ मध्ये दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, आणि जुलै १९८९ मध्ये नाशिकचे. मुंबई नाही, पुणे नाही, नाशिक. यशवंतरावांचे नाव इथे शोभते, आणि ते केवळ १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले म्हणून नाही. त्यांचे स्वतःचे शिक्षण तुटक झाले होते. मॅट्रिक होण्याआधीच १९३२ मध्ये ते तुरुंगात गेले आणि तिथल्या सोबत्यांकडून खूप काही शिकून बाहेर आले. मुख्यमंत्री झाल्यावर वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांची फी त्यांनी माफ केली. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक ‘ईबीसी’ हे शब्द अजून प्रेमाने उच्चारतात.

विद्यापीठ उभे केले ते डॉ. राम ताकवले यांनी. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेला माणूस धरणाकाठच्या माळावर नवे काही उभारायला आला. पुढे ते दिल्लीच्या मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा आपल्या उर्दू वर्तुळात फारशी चर्चा दिसली नाही, याचे वाईट वाटले.

मुक्त विद्यापीठाचे पुस्तक उघडून पाहा. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरे. जणू गुरुजी पानात बसले आहेत. पण ज्यांनी ही रचना केली त्यांना ठाऊक होते की एवढे पुरत नाही. म्हणून अभ्यासकेंद्र आले, संमंत्रक आले, रविवारची संमंत्रण सत्रे आली. बारावी नसलेल्यांसाठी त्या काळी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता. शेतकऱ्यांसाठी कृषीचे अभ्यासक्रम, आवारात कृषी विज्ञान केंद्र.

आणि आम्हा शिक्षकांसाठी सेवांतर्गत बीएड. मी डीएड करून नोकरीला लागले होते. बीएड याच विद्यापीठातून केले. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत वर्ग असत. हरसूलकडच्या आदिवासी पाड्यांवरचे गुरुजी, सिन्नरच्या बाई आणि बुरख्यातल्या आम्ही दोघी-तिघी, एकाच बाकावर पाठ टाचण काढत बसायचो. दुपारी डबे एकत्र उघडायचे. विद्यार्थिजीवन म्हणतात ते मला मिळाले ते वयाच्या तिशीत, आणि असे.

आता त्या ‘रेग्युलर की मुक्त’बद्दल. हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. हदीस शिकण्याच्या पद्धतींत उस्तादांच्या तोंडून ऐकणे, ‘समाअ’, ही वरच्या दर्जाची मानली गेली. पण ‘मुकातबा’ हीसुद्धा मान्य पद्धत होती. उस्ताद दूरच्या शागिर्दाला हदीस लिहून पाठवत. तिचे वजन किती यावर विद्वानांत वाद झाले, आणि अनेकांनी ती स्वीकारली, अट एवढीच की अक्षर त्या उस्तादांचेच आहे याची ओळख पटावी. म्हणजे त्यांनी विचारले, मजकूर खरा आहे का? शागिर्द घरी बसून शिकला म्हणून कोणी नाक मुरडले नाही.

नोव्हेंबर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा आहे. वीस वर्षांवरील भारतीयांत पदवी किंवा पदविका असलेले सुमारे ७ टक्के, मुसलमानांत ४ टक्क्यांहूनही कमी. घर ते कॉलेज हे अंतर मुलींसाठी किती लांब असते ते मी रोज पाहते. अब्बा म्हणतात गाडी नाही, अम्मी म्हणतात जमाना खराब आहे, दोघांचेही पूर्ण खोटे नसते. अशा घरात पुस्तके येऊन पडतात, ही लहान गोष्ट नाही.

अडचण भाषेची येते. उर्दू माध्यमातून दहावी-बारावी झालेल्या मुलीला ‘मआशियात’ कळते, ‘अर्थशास्त्र’ अडते. ‘तारीख’ म्हणजे तिच्यासाठी इतिहास, मराठीत दिनांक! हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाने १९९८ पासून उर्दूत दूरशिक्षणाची सोय केली, तो एक रस्ता आहे. पण महाराष्ट्रात राहायचे, इथे नोकरी करायची तर मराठी पुस्तकांशी दोस्ती करावी असे माझे मत आहे. मी दोन्ही भाषांतल्या संज्ञांची वही ठेवली आहे, मुली ती नेतात, चुरगळून परत आणतात.

मला खरी काळजी आहे ती रविवारची. एका केंद्रावर मुली सत्राला गेल्या तर खोलीला कुलूप होते. शिपाई म्हणाला, परीक्षेच्या वेळी या, तोवर बाहेर गाईड मिळते. त्या मुलींचा महिन्यातून घराबाहेर पडायचा तेवढाच दिवस होता. गाईड घेऊन त्या पास होतीलही, पण संमंत्रकाला शंका विचारणे, दुसऱ्या गावच्या मुलीशी ओळख होणे, हे गाईडमध्ये छापता येत नाही. त्या पुन्हा गेल्या नाहीत.

म्हणून आता प्रवेशाच्या दिवसांत अर्ज भरायला आलेल्या पालकांना मी फी नंतर सांगते. आधी म्हणते, केंद्रावर जा, सत्रांचे वेळापत्रक मागा, संमंत्रकांची नावे लिहून घ्या, आणि पहिल्या रविवारी मुलीसोबत स्वतः जाऊन बसा.